घेईल तेवढं पीठ

ग्रीक बायकांच्या पाककृतींच्या जुन्या वह्या चाळताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. तेल किती, साखर किती, संत्र्याचा रस किती, हे सगळं पेल्यांच्या मापानं व्यवस्थित लिहिलेलं असतं आणि पिठापाशी आलं की माप संपतं. तिथे दोनच शब्द असतात, ‘ओसो पारी’. घेईल तेवढं. तेल आणि रस मिळून जेवढं पीठ सामावून घेतील तेवढं घालायचं आणि गोळा हाताला चिकटेनासा झाला की थांबायचं.

ही ओळ मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. माझ्या आईच्या वहीत घारग्यांच्या कृतीत ‘भोपळ्याचा कीस गुळात शिजवून घ्यावा व त्यात मावेल तेवढी कणीक घालावी’ असंच लिहिलेलं आहे. भोपळा कधी कोरडा निघतो, कधी पाणचट. त्यामुळे कणकेचं माप आधी ठरवून चालत नाही. दोन इतक्या लांबच्या घरांत एकच हिशेब चालत असलेला पाहिला आणि मला या स्वयंपाकाची ओढ लागली.

नवऱ्याच्या जहाज-कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं सायप्रसमध्ये, लिमासोलला राहिलो. या बंदरात जहाजांचा कारभार पाहणाऱ्या अनेक कंपन्या आहेत आणि त्यांच्यासाठी काम करणारे भारतीय खलाशी आणि अधिकारीही पुष्कळ. आमच्या शेजारी सत्तरीच्या एक ग्रीकभाषक बाई राहत. मी त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे ‘कीरिया’ म्हणायची, म्हणजे ‘बाई’. त्या मला ‘कोरी मू’ म्हणत, म्हणजे ‘पोरी’. ग्रीस आणि सायप्रसच्या घरगुती पाककृतींच्या या पुस्तकातलं निम्मंअधिक मी त्यांच्या ओट्याशी उभं राहून शिकले. उरलेलं ग्रीसमधल्या प्रवासात, कुणाकुणाच्या घरी, भाजी निवडताना आणि कणीक मळताना मिळालं.

ग्रीक जेवण म्हटलं की आपल्याकडच्या हॉटेलांच्या यादीतली दोनतीन नावं डोळ्यांपुढे येतात. फेटा चीज घातलेलं सॅलड, सळईवर भाजलेलं मांस, वांग्याचा मुसाका. मुसाक्यावरचा पांढऱ्या सॉसचा जाड थर हा तर ग्रीसची ओळख होऊन बसला आहे. पण हा थर तिथे रुजवला तो निकोलाओस त्सेलेमेंतेस या आचाऱ्यानं. सिफ्नोस बेटाशी नातं सांगणारा हा माणूस परदेशातल्या मोठ्या हॉटेलांत काम करून आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्यानं लिहिलेली पाकपुस्तकं ग्रीक मध्यमवर्गाच्या घराघरांत पोचली. ग्रीक स्वयंपाकावरची पूर्वेची छाप पुसून तो फ्रेंच वळणाचा करावा, असं त्याला वाटे. त्याचा प्रभाव इतका, की ग्रीकमध्ये ‘त्सेलेमेंतेस’ हा शब्दच पाकपुस्तक या अर्थानं रूढ झाला. मुसाका या पुस्तकात आहे, पण तो शेवटाकडे आहे. कारण घरात रोज शिजतं ते वेगळंच असतं.

हे रोजचं जेवण डोंगराळ आणि दगडाळ जमिनीतून आलेलं आहे. गहू, ऑलिव्ह आणि द्राक्ष ही तीन मुख्य पिकं. जिथे गहू नीट येत नाही त्या कोरड्या बेटांवर जव. क्रीटमध्ये जवाच्या पावाचे तुकडे पुन्हा भट्टीत वाळवून दगडासारखे कडक करतात. त्याला ‘पाक्सिमादी’ म्हणतात. तो महिनोन्‌महिने टिकतो. खाताना पाण्याचा हबका मारायचा, वर टोमॅटोचा कीस, चीज आणि ऑलिव्ह तेल घालायचं की जेवण झालं. रानात पहिल्या पावसानंतर उगवणाऱ्या भाज्यांना ‘होर्ता’ म्हणतात. त्या वेचून आणायच्या, उकडायच्या, वर तेल आणि लिंबू. कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला टाकळा, कुर्डू, शेवळं वेचणाऱ्या हातांची आठवण इथे येणारच.

या साधेपणाचं जगभर कौतुक झालं आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी शास्त्रज्ञ अँसल कीज यांनी सात देशांतल्या पुरुषांच्या आहाराचा आणि हृदयविकाराचा अभ्यास सुरू केला. त्यात क्रीटच्या शेतकऱ्यांची प्रकृती विशेष चांगली आढळली. २०१० मध्ये युनेस्कोनं भूमध्य सागरी आहाराला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा त्यात ग्रीस होता आणि २०१३ मध्ये सायप्रसचाही समावेश झाला. पण आरोग्याच्या चर्चेत दोन गोष्टी नेहमी मागे पडतात. एक म्हणजे गरिबी. दुसऱ्या महायुद्धात, १९४१-४२ च्या हिवाळ्यात, जर्मन आणि इटालियन ताब्यातल्या ग्रीसमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि अथेन्सच्या रस्त्यांवर माणसं उपासमारीनं मेली. त्या काळात मक्याच्या पिठाच्या ‘बोबोता’ नावाच्या भाकरीवर दिवस काढलेल्या पिढीला ते नावही पुढे नकोसं झालं. त्या पिढीच्या घरात पावाचा तुकडा खाली पडला तर तो उचलून त्याचा मुका घेतात. अन्नाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, तसंच ते आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे उपवास. ऑर्थोडॉक्स चर्चच्या पंचांगात वर्षाचे सुमारे निम्मे दिवस उपवासाचे असतात. ईस्टरआधीचा मोठा उपवास सात आठवड्यांचा. त्यात मांस, अंडी, दूध, लोणी, चीज सगळं वर्ज्य. मासेसुद्धा फक्त दोन दिवशी, २५ मार्चला आणि ईस्टरआधीच्या रविवारी चालतात. शिंपल्या, कालवं, माकूळ मात्र चालतात, कारण त्यांच्या अंगात रक्त नसतं अशी जुनी समजूत आहे. अगदी कडक दिवशी तेलही नाही. गुड फ्रायडेला अनेक घरी नुसत्या मसुरा उकडून त्यावर व्हिनेगर घालतात, कारण क्रुसावर येशूला तहान लागली तेव्हा आंबच दिली गेली होती.

सात आठवडे मोजायला मुलांसाठी एक सुंदर युक्ती आहे. पीठ, मीठ आणि पाणी मळून एक बाई करतात. नाव ‘कीरा साराकोस्ती’, म्हणजे उपवासबाई. तिला सात पाय असतात, हात घडी घातलेले असतात आणि तोंड नसतं, कारण ती जेवत नाही. दर शनिवारी तिचा एक पाय मोडायचा. सातवा मोडला की ईस्टर आलाच.

उपवासानंच या स्वयंपाकाला भाज्यांत आणि कडधान्यांत इतकं कल्पक केलं. आपल्याकडे एकादशीमुळे साबुदाणा, वरई, रताळी, शिंगाड्याचं पीठ यांचं एक वेगळं जगच तयार झालं, तसंच तिथेही झालं. तेलात शिजवलेल्या भाज्यांना ‘लादेरा’ म्हणतात. ‘लादी’ म्हणजे तेल. फरसबी, भेंडी, वांगी, बटाटे, आर्टिचोक. भरपूर ऑलिव्ह तेल, कांदा, टोमॅटो आणि मंद आच. पाणी सगळं आटून भाजी ‘आपल्या तेलावर’ राहिली की झाली. आपण म्हणतो तेल सुटलं, तीच खूण. ती गरम वाढत नाहीत. कोमट झाल्यावर, पावाबरोबर, तेलासकट खातात. भेंडीचा चिकटपणा घालवायला आपण आमसूल किंवा ताक घालतो. ग्रीक बायका देठाकडचा भाग टोपीसारखा सोलून भेंड्यांवर मीठ आणि व्हिनेगर शिंपडतात आणि परात तासभर उन्हात ठेवतात. मग शिजताना चमचा घालत नाहीत, पातेलं दोन्ही कानांना धरून हलवतात.

उपवासातला माझा सर्वांत आवडता पदार्थ म्हणजे रव्याचा हलवा. त्याचं माप ग्रीसमध्ये प्रत्येकाला तोंडपाठ असतं. एक, दोन, तीन, चार. एक पेला तेल, दोन पेले जाड रवा, तीन पेले साखर, चार पेले पाणी. साखर-पाण्यात दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल घालून पाक उकळत ठेवायचा. दुसरीकडे रवा तेलात भाजायचा. आपण शिऱ्याचा रवा गुलाबी भाजून थांबतो. इथे थांबायचं नाही. खमंगाच्या पुढे, वाळलेल्या पानाच्या रंगापर्यंत न्यायचा. मग उकळता पाक त्यावर ओतायचा. तेव्हा पातेलं असं फसफसून उसळतं की हात लांबच ठेवावा लागतो. हलवा कडा सोडू लागला की तो वाडग्यात दाबून भरायचा, गार झाल्यावर ताटात उलटा करायचा आणि वर दालचिनीची पूड भुरभुरवायची. तूप नाही, दूध नाही, म्हणून उपवासाला चालतो. तेल असल्यामुळे गार झाला तरी थिजत नाही आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. मी सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा खात वाढले. या हलव्याचा पहिला घास घेतला तेव्हा तो रवा ओळखीचा आणि चव अनोळखी वाटली. या पुस्तकातली पहिली कृती म्हणूनच हीच आहे.

उपवास आहे म्हणून सणाला जोर आहे. ईस्टरच्या आदल्या मध्यरात्री चर्चमध्ये दिवे मालवले जातात, एका ज्योतीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटतात आणि लोक ती ज्योत वाऱ्यापासून जपत घरी नेतात. मग लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटून फोडतात, ज्याचं फुटत नाही तो नशीबवान. ग्रीसमध्ये कोकराच्या काळीज-आतड्यांचं, शेपू आणि लिंबू घातलेलं सूप होतं आणि ‘त्सुरेकी’ नावाचा वेणी घातलेला गोड पाव होतो. सायप्रसमध्ये त्या रात्रीचा मान ‘फ्लाउना’चा.

फ्लाउना करताना मी प्रथम पाहिली ती ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी. आदल्या रात्रीच कीरियांच्या ओट्यावर किसलेल्या चीजचा ढीग होता. पाफोस भागातलं, खास याच पदार्थासाठी होणारं चीज आणि थोडं हालूमी चीज. त्यात अंडी, रवा, थोडं यीस्ट, चुरडलेला सुका पुदिना, बेदाणे. हे सारण रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी त्यांनी कणकेच्या पुऱ्या लाटल्या. एका फडक्यावर ओलसर तीळ पसरले होते. पुरी त्यावर दाबायची की एका बाजूला तिळाचा पूर्ण थर बसतो. मग ती उलटी करून मधोमध सारणाचा गोळा ठेवायचा आणि कडा आत दुमडायच्या, कधी तीन, कधी चार. मधलं तोंड उघडंच ठेवायचं. भट्टीत गेल्यावर सारण फुगून त्या तोंडातून घुमटासारखं वर येतं आणि सोनेरी होतं.

पहिला ताटभर घाणा बाहेर आला तेव्हा सगळ्या जिन्यात वास पसरला होता. कीरियांनी सात आठवडे चीज चाखलं नव्हतं आणि शनिवारच्या मध्यरात्रीपर्यंत चाखणारही नव्हत्या. त्यांनी एक फ्लाउना मोडली, अर्धी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘‘या वर्षी चीज नव्या माणसाकडून घेतलंय. मिठाचं सांग.’’

मीठ बरोबर होतं. मी त्यांना सांगितलं, की आमच्याकडेही नैवेद्याचा स्वयंपाक आधी चाखत नाहीत. देवाला दाखवल्यावरच पान वाढतात.

‘‘मग मीठ कसं कळतं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हाताला कळतं.’’

‘‘मग झालं तर,’’ म्हणत त्या दुसऱ्या घाण्याच्या पुऱ्या लाटायला वळल्या.

भट्टीतले आणि गोडाचे पदार्थ या पुस्तकात सर्वांत जास्त आहेत, आणि त्यांच्यामागे नेहमी एखादा दिवस असतो. १ जानेवारी हा संत वासिलिओस यांचा दिवस. त्या दिवशीच्या केकमध्ये एक नाणं दडवतात. घरातला कर्ता तो कापतो. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, मग मरियेचा, मग घराचा, मग वयाच्या क्रमानं सगळ्यांचा, आणि परगावी असलेल्यांचाही. ज्याच्या तुकड्यात नाणं निघेल त्याला वर्ष चांगलं. २७ ऑगस्टला संत फानुरिओस यांच्या नावानं तेलाचा साधा केक करतात. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून किंवा सापडली म्हणून. त्यात जिन्नस सात किंवा नऊ असावेत, असा दंडक. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे, बदाम, बेदाणे आणि साखर मिसळून ‘कोलिवा’ करतात. चर्चमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर तो मूठभर ठेवतात. दाणा मातीत गेल्याशिवाय कणीस येत नाही, ही त्यामागची श्रद्धा.

पावाचं विरजणही पंचांगाला बांधलेलं. १४ सप्टेंबरला क्रुसाचा सण असतो. त्या दिवशी चर्चमधून मिळालेली ‘वासिलिको’ची डहाळी पीठ-पाण्यात ठेवून वर्षभराचं नवं आंबवण धरतात. वासिलिको ही आपल्या तुळशीची बहीण. हिच्याच बिया आपण सब्जा म्हणून फालुद्यात घालतो. ग्रीक घरांत तिच्या कुंड्या दारात, खिडकीत असतात. जुन्या बायका तिचा वास घेतात, ती देवाला वाहतात, पण स्वयंपाकात फारशी वापरत नाहीत. हे ऐकल्यावर मला तुळशीवृंदावनाखेरीज दुसरं काही आठवणं शक्य नव्हतं.

ग्रीसच्या उत्तरेला, एपिरस आणि थेसलीच्या डोंगरांत, मेंढपाळांच्या वस्त्यांतून पाईची परंपरा आली. तिथे तिला ‘पिता’ म्हणतात. ‘फिलो’ या शब्दाचा अर्थ पान. लांब, बारीक, काठीसारख्या लाटण्यावर कणीक गुंडाळत, उलगडत, पुन्हा गुंडाळत ती इतकी पातळ करतात की खालच्या पोळपाटाची नक्षी दिसावी. कणकेत थोडं तेल आणि व्हिनेगर असतं, त्यामुळे ती ताणली तरी फाटत नाही. चिरोटे करणाऱ्या हाताला हे काम लवकर साधेल. फरक इतकाच की आपण थरांमध्ये तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावतो, तिथल्या बायका नुसतं तेल शिंपडतात. आत रानभाजी, पालक, कांद्याची पात, फेटा, कधी भोपळा. भाजण्याआधीच वड्या कापून ठेवायच्या, नंतर कापायला गेलं तर पापुद्र्यांचा भुगा होतो. आणि पाकातल्या गोडाचा एक नियम कायमचा लक्षात ठेवावा. पदार्थ गरम असेल तर पाक गार हवा, पदार्थ गार असेल तर पाक गरम. दोन्ही गरम असले की पापुद्रा मऊ पडतो.

सायप्रसची चव ग्रीसपेक्षा थोडी वेगळी आहे, आणि ती मराठी जिभेला आणखी जवळची. धण्यांचा हात तिथे सढळ असतो. छोटे बटाटे ठेचून, तळून, त्यावर लाल वाइन आणि भरडलेले धणे टाकून पातेलं हिसडतात. चवळी चार्डच्या पानांबरोबर शिजते. आणि अळू! अळूचे मोठे कंद तिथे ‘कोलोकासी’ म्हणून शिजतात. वनस्पतिशास्त्रातलं ‘कोलोकेशिया’ हे अळूचं नाव याच शब्दाचं. पूर्वेकडून आलेला हा कंद त्या बेटावर इतका रुजला आहे, की सोतिरा गावच्या कोलोकासीला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं आहे. कंद सोलल्यावर धुवायचा नाही, फक्त पुसायचा. आणि तो सरळ कापायचा नाही. सुरी अर्ध्यापर्यंत घालायची आणि मनगट वळवून तुकडा तोडायचा, कड् असा आवाज येतो. असं केलं की बुळबुळीत रस कमी सुटतो, असं तिथल्या बायका सांगतात. मग सेलरी, टोमॅटो, डुकराचं मांस आणि शेवटी भरपूर लिंबू. आपण अळकुड्यांना चिंच लावतो. खाजरेपणावर आंबट हा उतारा दोन्हीकडे एकच निघाला.

उन्हाळा संपताना सायप्रसच्या गच्च्यांवर ‘त्राहाना’ वाळत असे. शेळी-मेंढीचं दूध बरेच दिवस आंबवायचं, त्यात भरडलेले गहू शिजवायचे आणि त्या घट्ट गोळ्याची बोटाएवढी कांडी घालून कडक उन्हात वाळवायची. आपल्या सांडग्यांची आणि कुरडयांची ही तिकडची मावसबहीण. हिवाळ्यात ती भिजवून आंबट सूप करतात, त्यात हालूमीचे चौकोनी तुकडे. हालूमी हे सायप्रसचं चीज. त्याचा चक्का दाबून, त्याच्याच निवळीत पुन्हा उकळतात, पुदिना आणि मीठ लावून दुमडतात. म्हणून ते तव्यावर वितळत नाही आणि दाताखाली करकरतं. २०२१ मध्ये युरोपीय संघानं त्याचं नाव संरक्षित केलं, आणि ते दोन्ही भाषांत, ग्रीक ‘हालूमी’ आणि तुर्की ‘हेलिम’.

ही दोन नावं एकत्र येणं साधी बाब नाही. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्ताननं धर्माच्या आधारावर लोकसंख्येची अदलाबदल केली. आशिया मायनरमधून सुमारे १२ लाख लोक ग्रीसमध्ये आले. तिथल्या स्मिर्ना शहरातल्या बायकांनी बरोबर आणलेलं जिरं आणि लसूण आज ग्रीक घरातल्या कोफ्त्यांना वास देतात, आणि त्या कोफ्त्यांच्या नावात स्मिर्ना अजून आहे. सायप्रसमध्ये १९७४ च्या उन्हाळ्यात आधी लष्करी बंड आणि मग तुर्की सैन्याचं आक्रमण झालं. बेट दुभंगलं. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रसवासी दक्षिणेकडे निर्वासित झाले, ४० हजारांहून अधिक तुर्की सायप्रसवासी उत्तरेकडे गेले. फाळणीची कहाणी ज्यांनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकली आहे, त्यांना आणखी काही सांगायला नको.

कीरिया मूळच्या उत्तरेकडच्या मोर्फूच्या, संत्र्यांच्या बागांच्या भागातल्या. त्या घर सोडून निघाल्या तेव्हा कणीक भिजवलेली होती. दोन दिवसांत परत येऊ, असंच सगळ्यांना वाटत होतं. २००३ मध्ये मधली सीमा ओलांडायची मुभा मिळाली, तेव्हा त्या एकोणतीस वर्षांनी घर पाहायला गेल्या. अंगणातली मातीची घुमटाकार भट्टी तशीच होती आणि गरम होती. त्या घरात राहणारी तुर्की बाई स्वतः दक्षिणेतल्या एका गावातून उठून आलेली. तिनं कॉफी केली आणि भट्टीतून काढलेला पाव कीरियांच्या पिशवीत घातला. ईस्टरचा तो तीळ लावलेला चीजचा पदार्थ तिच्याही घरी होत असे. तिच्याकडे त्याला ‘पिलावुना’ म्हणत. ‘‘भट्टी थंड असती तर मला जास्त वाईट वाटलं असतं,’’ एवढंच कीरिया म्हणाल्या. या पुस्तकात फ्लाउनाच्या कृतीवर मी दोन्ही नावं घातली आहेत.

पाहुण्याचं आतिथ्य हा या स्वयंपाकाचा वेगळा विभाग म्हणावा इतका मोठा आहे. सायप्रसमध्ये कुणी जेवत असताना दारावरून कुणी गेलं तर हाक येते, ‘कोपियास्ते!’ म्हणजे या, बसा, खा. आपलं ‘या जेवायला’च. अवेळी पाहुणा आला तर छोट्या बशीत एकच चमचा गोड येतं. कोवळ्या हिरव्या अक्रोडाचा, संत्र्याच्या सालीचा किंवा सुरईसारख्या छोट्या वांग्याचा मुरंबा आणि बरोबर थंड पाण्याचा पेला. आपल्याकडच्या गूळपाण्यात जो अर्थ आहे, तोच इथे त्या एका चमच्यात आहे. मोरावळा ज्यांच्या बरणीत असतो त्यांना ही कृती जमायला वेळ लागणार नाही.

आता पुस्तकाविषयी. याचे सहा भाग आहेत. उपवासाचे पदार्थ, रोजच्या भाज्या आणि कडधान्यं, पाव आणि पिता, सणाचे पदार्थ, साठवणीचे पदार्थ, आणि पाहुण्यांसाठी. मांसाचे पदार्थ त्या त्या सणाच्या ठिकाणी आले आहेत, कारण घरात ते तसेच येत. जिन्नस मिळण्याबाबत थोडं सांगते. ‘मास्तिहा’ हा खिओस बेटाच्या दक्षिणेकडच्या गावांत झाडाच्या सालीला चिरा देऊन काढलेला डीक. त्या कौशल्याला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. आपल्याकडे काष्ठौषधींच्या जुन्या दुकानांत तो ‘रुमी मस्तकी’ या नावानं मिळतो. चिमूटभर साखरेबरोबर कुटावा, नुसता कुटला तर खलाला चिकटतो. ‘महलेपी’ हा रानचेरीच्या आठळीतला गर. तो नसेल तर वेलदोडा घाला, त्सुरेकीत तो तिथेही घालतात. हालूमीच्या जागी पनीर घालू नका, त्याला ते मीठ आणि ती करकर नाही. लादेरा भाज्यांना ऑलिव्ह तेलच हवं. हलव्याला शेंगदाण्याचं रिफाइंड तेल चालतं, मी करून पाहिलं आहे.

आणि पिठाचं माप. हे पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा मला वाटलं, निदान पिठाचं वजन तरी ग्रॅममध्ये द्यावं. एकच संत्र्याच्या रसाची बिस्किटं कीरिया तीन वेगवेगळ्या दिवशी करत असताना मी पिठाची पिशवी आधी आणि नंतर काट्यावर ठेवली. तेल तेवढंच, रस तेवढाच. पहिल्या दिवशी, समुद्रावरून दमट वारा येत होता तेव्हा, ८७० ग्रॅम पीठ गेलं. दुसऱ्या वेळी कोरड्या उन्हाळ्यात ७९० ग्रॅम. तिसऱ्यांदा गिरणीचं नवं पीठ होतं, ८२० ग्रॅम. दर वेळी त्यांनी गोळ्यात करंगळी दाबली, खळगा हळूच वर आला आणि त्या थांबल्या. तिन्ही दिवशीची बिस्किटं एकाच चवीची झाली.

म्हणून या पुस्तकात पिठापुढे मी आकडा दिला आहे, पण तो जवळपासचा आहे. मुंबईच्या पावसाळ्यात तो वाढेल, नागपूरच्या मे महिन्यात कमी होईल. पहिल्यांदा करताना दिलेल्या पिठातली एक मूठ बाजूला काढून ठेवा आणि गोळा हातात घेऊन पाहा. ती मूठ कधी लागेल, कधी ताटलीतच राहील.